रस्ता चमकला, मूठ चमकली, सुरीही चमकली : ग्लिसन, ग्लीम, ग्लिंट, शिमर या मंडळींना मराठीत काय म्हणायचं?

निळी शाई
मंडळी, दिवाळी अंकासाठी एका इंग्रजी कथेचा अनुवाद करतेय आणि एका पानावर अडकून बसलेय. स्कॉटलंडमधलं बंदराचं गाव, रात्रीची वेळ, पाऊस नुकताच थांबलाय, आणि लेखकाने तेवढ्या एका पानात उजेडाचे शब्द नुसते उधळलेत. फरसबंदी रस्ता ग्लिसन होतोय, दाराची पितळी मूठ ग्लीम करतेय, बोळातल्या माणसाच्या हातात कसलातरी ग्लिंट दिसतो, बंदराच्या पाण्यावर चंद्र शिमर होतोय आणि लांब टेकडीवरच्या खिडकीत एक ग्लिमर आहे. माझ्या पहिल्या खर्ड्यात काय झालं असेल ते सांगायला नको. रस्ता चमकत होता, मूठ चमकत होती, हातात काहीतरी चमकलं, पाणीही चमकत होतं. टेकडीवरचा दिवाच काय तो मिणमिणला, तेवढीच सुटका.

शब्दकोश उघडले तर सगळ्यांपुढे चमकणे, लकाकणे, झळकणे, चकाकणे हेच, फक्त क्रम बदलून. आता इंग्रजी वाचणाऱ्याला या प्रत्येक शब्दातून काहीतरी वेगळं दिसत असणारच ना, नाहीतर लेखकाने एवढा खटाटोप कशाला केला असता. तर नेमकं काय वेगळं दिसतं, आणि आपल्याकडे त्याच्या जवळ जाणारं काय आहे? जाणकारांनी प्रकाश टाकावा (परावर्तित चालेल).

चिंचपोकळीकर
जागा पकडून ठेवतो. आमच्या शाळेत ग्लिस्टन शिकवलेलं, टी चांगला ठणठणीत वाजवून. तो सायलेंट आहे म्हणे?

खडूस मास्तर
सायलेंट आहे, लिसन आणि फासनमधल्यासारखाच.

शाईताई, या शब्दांचा उजेड किती आहे याच्याशी फारसा संबंध नाही, उजेड कशावर पडलाय आणि तो हलतोय का याच्याशी जास्त आहे. ग्लिसन म्हटलं की ती वस्तू ओली तरी हवी नाहीतर तेलकट तरी. घाम आलेलं कपाळ, पाणी आलेले डोळे, दव पडलेलं गवत, तुपाने माखलेली पुरणपोळी, हे सगळं ग्लिसन होतं. कोरडी वस्तू ग्लिसन झाली असं कोणी लिहिलं तर मी लाल शाईने गोल करतो. ग्लीममध्ये कोणीतरी हात चालवलाय, घासलंय, पुसलंय असा वास असतो, आणि तो उजेड एका जागी शांत बसलेला असतो. म्हणून तुमची पितळी मूठ. त्या घरात कोणीतरी रोज ब्रासो लावणारं आहे हे लेखकाला न सांगता सांगायचंय.

ग्लिंट त्याच्या उलट, एकदाच आणि क्षणभर, लहान आणि टणक वस्तूवरून. चष्म्याची काच, सुरी, सोन्याचा दात. उशी कधी ग्लिंट होत नाही. आणि डोळ्यात ग्लिंट आला की समजायचं मनात काहीतरी शिजतंय. हा फरक मी वर्गात असा सांगायचो की आजोबांच्या डोळ्यात असतो तो ट्विंकल आणि सावकाराच्या डोळ्यात असतो तो ग्लिंट, पोरं विसरत नाहीत. ट्विंकल ज्या जुन्या क्रियापदातून आला ते मुळात डोळे मिचकावण्याचंच होतं.

शिमर म्हणजे हलता, मऊ, कडा नसलेला उजेड. पाणी, रेशीम, आणि हो, मे महिन्यात तापलेल्या हायवेवर हवा नाचते ना, तेही शिमरच, पण तिथे परावर्तन नाही, गरम हवेतून उजेड वाकतोय, म्हणजे अपवर्तन. भाषेला भौतिकशास्त्राशी देणंघेणं नाही.

ओल्या नारळाची करंजी
मास्तर, तुमचं शिमर मेकअपच्या दुकानात येऊन बघा, तिथे हे वाद कधीच मिटलेत. शिमर आयशॅडो आणि ग्लिटर आयशॅडो हे दोन वेगळे प्रॉडक्ट आहेत आणि कोणतीही कॉलेजची मुलगी डोळे मिटून फरक सांगेल. शिमरमध्ये अभ्रकाची अगदी बारीक पूड असते, तिच्यावर टायटॅनियम डायऑक्साइडचा पातळ थर चढवलेला, त्यामुळे कण वेगळा दिसत नाही, सगळीकडे एक मोतिया झाक येते. ग्लिटर म्हणजे प्लास्टिकच्या फिल्मला धातूचा थर देऊन कापलेले तुकडे, एकेक ठिपका वेगळा लुकलुकतो आणि लग्नानंतर आठवडाभर उशीत, डब्यात, नवऱ्याच्या दाढीत सापडत राहतो. युरोपियन युनियनने २०२३ च्या ऑक्टोबरपासून सुट्या प्लास्टिक ग्लिटरवर बंदी घातली ती मायक्रोप्लास्टिकच्या कारणाने, मला वाटतं आयांनी आधी सह्या केल्या असणार.

अजून एक, चेहऱ्यावर शाइन आली की वाईट, ग्लो आला की चांगला. दोन्हीत उजेडच परत येतोय. शाइनवर टिश्यू लावतात आणि ग्लोसाठी पैसे मोजतात. मराठीत पण बघा ना, तेलकट चेहरा चकाकतो आणि तुकतुकीत चेहऱ्याची दृष्ट काढतात.

चिंचपोकळीकर
नवऱ्याच्या दाढीत =)) =))

गारगोटी
धागा आवडीचा निघाला. मी रत्नं तपासायचं काम करते, आमच्या धंद्यात हे शब्द कविता नसून रिपोर्टवर लिहायचे शब्द आहेत आणि चुकीचा लिहिला तर गिऱ्हाईक भांडायला येतं.

आमचा मूळ शब्द लस्टर. म्हणजे पृष्ठभागावरून उजेड कसा परततो ते. हिऱ्याचा लस्टर अ‍ॅडमंटाइन, काचेचा आणि स्फटिकाचा व्हिट्रियस, म्हणजे काचेसारखा, अंबरचा राळेसारखा, मग मोतिया, रेशमी, मेणचट, धातूसारखा असे प्रकार. हे नुसतं डोळ्याला बरं वाटण्यावर नाहीये. हिऱ्याचा अपवर्तनांक (उजेड आत शिरताना किती वाकतो त्याचा आकडा) २.४२, साध्या काचेचा दीडच्या आसपास. त्यामुळे काचेवर सरळ पडलेल्या उजेडातला ४ टक्के वरच्यावर परत येतो आणि हिऱ्यावरून १७ टक्के. शेजारी ठेवले तर सरावलेल्या डोळ्याला लगेच कळतं.

पण गिऱ्हाईक ज्याला चमक म्हणतं ती हिऱ्यात वेगवेगळ्या गोष्टींची मिळून असते. आत शिरून तळाच्या पैलूंवरून उलटून आलेला पांढरा उजेड म्हणजे ब्रिलियन्स. त्या उजेडाचे रंग फुटले की फायर. आणि हिरा, उजेड किंवा तुम्ही हललात की जी लखलख होते ती सिंटिलेशन. मॉइसनाइट नावाचा जो पर्याय सध्या खूप चाललाय त्याचं फायर हिऱ्याच्या दुपटीहून जास्त असतं, रंग इतके उसळतात की कार्यक्रमाच्या हॉलमध्ये त्यावरूनच ओळखू येतो. जास्त चमकतंय म्हणून हिरा नाही, असा उलटाच प्रकार.

आता मराठीबद्दल. आपल्याकडे याला एक शब्द आहे आणि तो इंग्रजीत नीट उतरतच नाही : पाणी. मोत्याचं पाणी, हिऱ्याचं पाणी, पाणीदार डोळे. फारसीत आब म्हणजे पाणी आणि आब म्हणजे तकाकीही, त्यातूनच आब-रू, चेहऱ्याचं पाणी, म्हणजे आपली अब्रू. इंग्रजीतसुद्धा उत्तम हिऱ्याला फर्स्ट वॉटरचा हिरा म्हणायचे, ती पद्धत पूर्वेकडच्या व्यापारातून तिकडे गेली असं मानतात. मोत्याच्या बाबतीत तर पाणी हा शब्द लस्टरपेक्षा बरा, कारण तो उजेड फक्त वरून येत नाही. मोत्यात अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास जाडीच्या चकत्या एकावर एक रचलेल्या असतात, उजेड थोडा वरून, थोडा दुसऱ्या थरावरून, थोडा तिसऱ्या, असा परततो आणि म्हणून खोली वाटते. जुन्या बसरा मोत्यांवर जी इंद्रधनुषी छटा फिरते तिला ओरिएंट म्हणतात.

अवांतर : पुण्याच्या आसपासच्या दगडखाणींत बेसाल्टच्या पोकळ्यांमधून झिओलाइटचे स्फटिक निघतात, जगभरातल्या म्युझियममध्ये गेलेत. त्यांच्याच सोबतीने सापडणाऱ्या अ‍ॅपोफिलाइटला जुने लोक फिश-आय स्टोन म्हणायचे. बाजूने बघितला की काच आणि डोक्यावरून बघितला की मोतिया, अगदी माशाच्या डोळ्याची झाक. एकाच खड्यावर दोन लस्टर.

निळी शाई
गारगोटी, पाणी हा शब्द समोर असून डोक्यातच आला नव्हता. पण पितळी मुठीला पाणी म्हणता येणार नाही ना? सुरीला मात्र येईल. शस्त्राला पाणी देतात.

गारगोटी
ते पाणी वेगळं, ताई. ते पोलाद तापवून पाण्यात बुडवण्याचं. चमकेशी त्याचा संबंध नंतर जोडला जातो.

अमावास्या
सिंटिलेशन आमचाही शब्द आहे! तारे लुकलुकतात त्याला खगोलशास्त्रात हेच म्हणतात. तारा इतका लांब की तो एक बिंदूच, वातावरणातल्या हलत्या हवेने तो बिंदू इकडेतिकडे झाला की उजेड कमीजास्त होतो. ग्रह थाळीसारखे असतात, छोटे का होईना, त्यामुळे त्यांच्या वेगवेगळ्या भागांचं लुकलुकणं एकमेकांत विरून जातं. म्हणून गुरू सहसा लुकलुकत नाही. म्हणजे स्वतःचा उजेड असलेले लुकलुकतात आणि परावर्तित उजेडवाले शांत, असं पाठ करायला सोपं आहे पण कारण उजेड कुणाचा हे नसून आकार हे आहे.

पाण्यावरच्या चंद्राबद्दल मला जास्त बोलायचंय. ताईंच्या लेखकाने शिमर म्हटलंय, शास्त्रज्ञ त्याला ग्लिटर म्हणतात. खवळलेल्या पाण्यावर चंद्राचं किंवा मावळत्या सूर्याचं एक बिंब दिसत नाही, आपल्याकडे येणारा लांबच लांब पट्टा दिसतो, त्याचं नाव ग्लिटर पाथ. प्रत्येक छोटी लाट म्हणजे तिरका धरलेला आरसा, ज्या क्षणी तिचा उतार बरोबर कोनात येतो त्या क्षणी तिच्यात चंद्र दिसतो आणि जातो. अशा हजारो चंद्रांचा तो पट्टा. वारा वाढला की लाटांचे उतार वाढतात आणि पट्टा रुंद होतो. कॉक्स आणि मंक या दोघांनी याच्यावरच काम केलं, हवाई बेटांजवळ विमानातून सूर्याच्या ग्लिटरचे फोटो काढले आणि उजेडाच्या पसरणीवरून समुद्र किती खडबडीत आहे ते मोजलं. १९५४ चा पेपर आहे तो आणि उपग्रहांच्या फोटोंसाठी अजून वापरतात. म्हणजे ताई, तुमच्या गोष्टीत वारा किती होता हे पाण्याकडे बघून ठरवता येईल.

आणि ग्लिंट. शनीच्या टायटन चंद्रावर द्रव मिथेन-इथेनची सरोवरं आहेत असा अंदाज होता, कॅसिनी यानाला २००९ मध्ये टायटनच्या उत्तर भागातल्या एका सरोवरावरून सूर्याचा ग्लिंट दिसला. धुक्याने भरलेलं वातावरण, त्यातून इन्फ्रारेडमध्ये एक लखलखीत ठिपका. खडबडीत जमिनीवरून उजेड सगळीकडे विखुरतो, असा एका दिशेने लखकन येणारा उजेड द्यायला आरशासारखा गुळगुळीत पृष्ठभाग लागतो, म्हणजे द्रव. मास्तर म्हणाले ग्लिंट टणक वस्तूचा, इथे तर मिथेनचं तळं आहे.

खडूस मास्तर
मान्य, टणक काढतो आणि गुळगुळीत घालतो. तरी उशी होणार नाही.

उन्हाळी
सोलरमध्ये आहे, ग्लिंटवरून राहवलं नाही. आमच्याकडे विमानतळाजवळ प्रकल्प करायचा तर एक अभ्यास करावा लागतो, त्याचं नावच ग्लिंट अँड ग्लेअर स्टडी. अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याच्या मार्गदर्शनात दोन्हींची व्याख्या आहे, क्षणभर येणारा प्रखर झोत तो ग्लिंट आणि सतत डोळ्यावर येत राहतो तो ग्लेअर. मजा म्हणजे ग्लिंट कुणामुळे होतो तर सहसा बघणारा हलतोय म्हणून, उतरणारं विमान एका रेषेतून पटकन निघून जातं. त्याच जागेवर कंट्रोल टॉवरमध्ये माणूस बसलाय त्याला तोच उजेड ग्लेअर. वस्तू तीच, उजेड तोच, शब्द बघणाऱ्यावरून बदलला.

लोकांना वाटतं पॅनल म्हणजे आरसा. पॅनलचा धंदाच उजेड गिळण्याचा आहे, काचेवर अँटी-रिफ्लेक्टिव्ह थर असतो, दुपारी फारच थोडा उजेड परत येतो. सकाळ-संध्याकाळ ऊन तिरकं पडलं की मात्र वाढतो. खरे आरसे वापरतात ते प्रकल्प वेगळे, कॅलिफोर्नियातल्या इव्हान्पाबद्दल वैमानिकांनी ग्लेअरच्या तक्रारी केल्या होत्या. आणि लंडनमधली ती वॉकी टॉकी बिल्डिंग आठवतेय का, २०१३ मधली, काचेचा दर्शनी भाग आतल्या बाजूला वळलेला, उन्हाचा झोत रस्त्यावर एका जागी जमा झाला आणि खाली उभ्या गाडीचे भाग वितळले. तिथे ग्लेअर शब्दही अपुरा पडला, पेपरवाल्यांनी नवीन टोपणनावं पाडली.

मराठीत ग्लेअरला 'डोळे दिपणे' आहेच की. फक्त आपण डोळ्यांच्या बाजूने सांगतो, उजेडाच्या बाजूने सांगायला शब्द नाही.

ओल्या नारळाची करंजी
ग्लेअर म्हणजे डोळे वटारणं पण ना. सासूबाईंचा ग्लेअर सतत असतो, ग्लिंट नव्हे. ह.घ्या. (हलकं घ्या)

भाषाखाज
सगळं वाचलं. आता मला बरेच दिवस डोक्यात असलेली गोष्ट इथे टाकतो, कोणी खोडून काढली तर उत्तमच.

ग्लिटर, ग्लिमर, शिमर, फ्लिकर. स्पार्कल, ट्विंकल, डॅझल. शेवटं बघा. इंग्रजीत हा जो शेवटचा -अर आणि -ल आहे तो जुना प्रत्यय आहे, क्रिया पुन्हा पुन्हा होते असं दाखवणारा. स्पार्क म्हणजे एक ठिणगी, स्पार्कल म्हणजे ठिणग्यांवर ठिणग्या. डेझपासून डॅझल. ग्लीमच्या घरातलाच ग्लिमर, शाइनच्या नात्यातला शिमर. आज इंग्रजी बोलणाऱ्याला तो प्रत्यय जाणवत नाही पण परिणाम राहिलाय, हे सगळे शब्द हलणाऱ्या उजेडाचे आहेत. आणि ज्यांना तो प्रत्यय नाही ते बघा, ग्लीम, ग्लिंट, शीन, ग्लॉस, ग्लेअर. स्थिर नाहीतर एकदाच. (शीन तर मुळात चमकेचा शब्दच नव्हता, सुंदर असा अर्थ होता, जर्मनमधला श्योन त्याचा भाऊ. शाइनशी जवळीक वाटून तो चमकेकडे ओढला गेला.)

आता हे पुन्हा पुन्हा दाखवायला मराठी काय करते? शब्दच दोनदा म्हणते. लखलख, चमचम, लुकलुक, झगमग, मिणमिण. इंग्रजीने प्रत्यय लावला, आपण जोडी लावली.

पण आपली गंमत पुढे आहे. एकदाच झालं तर -कन. लखकन, चमकन. पुन्हा पुन्हा झालं तर लखलख, चमचम. आणि ते तसंच टिकून राहिलं तर -ईत. लखलखीत, चकचकीत, तुकतुकीत. तर शाईताई, तुमच्या बोळातल्या माणसाच्या हातात काहीतरी 'लखकन चमकलं', तो ग्लिंट. मूठ 'लखलखीत', तो ग्लीम. त्यासाठी वेगळे शब्द शोधत बसायची गरज नाही, एकाच लखला शेपटी बदलली की काम होतं.

चिंचपोकळीकर
क ड क. पण मग चकचक भांडी घासली तर ती चकचकीत आणि झगमग दिवे असले तर झगमगीत, ते कुठे स्थिर आहेत? गणपतीच्या माळा बघा आमच्याकडच्या, फिट येते.

भाषाखाज
झगमगीत मला अडचणीचाच आहे, हो. लखलखीत उन्हालाही म्हणतात आणि ऊन काही घासलेलं नसतं. पण चकचकीत आणि तुकतुकीत यांत तरी काही हलत नाही हे मान्य कराल.

खडूस मास्तर
भाषाखाज, चांगलं आहे. पण तुमच्या गणितात ग्लिसन कुठे बसतो? शेवटी -न आहे. आणि ताईंचा रस्ता तर तिथेच अडकलाय.

त्याचा भाऊ ग्लिस्टर, तो मात्र -अर वाला आणि आता जवळपास मेलेला. शेक्सपिअरच्या मर्चंट ऑफ व्हेनिसमध्ये सोन्याच्या पेटीतल्या चिठ्ठीवर आहे ते 'ऑल दॅट ग्लिस्टर्स', लोक आज ग्लिटर्स म्हणतात. आपण म्हणतो चकाकतं ते सगळं सोनं नसतं. (आणि पेपरवाले भाव वाढला की 'सोन्याला झळाळी' म्हणतात, कित्येक वर्षं हाच मथळा, बदला रे कोणीतरी.)

भाषाखाज
ग्लिसन बसत नाही. कारण आपली शेपटी वेळ सांगते, एकदा, पुन्हापुन्हा, कायम. पृष्ठभाग ओला आहे की कोरडा हे ती सांगत नाही. ते मराठीत वेगळं सांगावं लागतं. तुकतुकी सांगते थोडं, पण ती सुदृढ पानाची, त्वचेची. तकाकी कापडाची, फळाची, केसांची. झिलई वरून चढवलेली. ओलेपणाची स्वतंत्र चमक मला तरी माहीत नाही.

चिंचपोकळीकर
आणि हे सगळे ग्ल-ग्ल कसे काय हो? ग्लास, ग्लो, ग्लॉस, ग्लीम. सेटिंग आहे का काही?

भाषाखाज
थोडी आहे. यातले बरेच एका जुन्या मुळाकडे नेतात, चमकणं आणि पिवळा-हिरवा रंग असा अर्थ असलेलं. गोल्ड आणि यलो तिथलेच, आणि आपल्याकडचे हिरण्य, हरित हेही त्याच मुळाचे. म्हणजे गोल्ड आणि हिरण्य लांबचे चुलत भाऊ. पण पुढे काही शब्द नुसत्या आवाजाच्या ओढीनेही त्या कळपात शिरतात. फर्थ नावाच्या इंग्लिश भाषातज्ज्ञाने १९३० मध्ये अशा आवाजांना फोनेस्थीम असं नाव दिलं. नियम नाही, कल आहे, नाहीतर ग्लू आणि ग्लव्ह काय चमकतात का. ग्लूम तर उलट अंधार.

निळी शाई
लखकन घेतलं! एका अक्षराने केवढा फरक पडला. मूठ लखलखीत न करता 'घासून लख्ख केलेली' केली, म्हणजे मास्तरांचा ब्रासोही आला. पाण्यावर चंद्र 'चमचमत' होता ते खोडलं, ते अमावास्यांच्या ग्लिटरला जातं, लेखकाचा वारा मंद आहे, कडा नसलेला उजेड हवाय. 'पाण्यावर चांदणं हेलकावत होतं' असं केलंय सध्या, यात चमकण्याचा शब्दच नाही पण चालेल असं वाटतंय. रस्त्यासाठी 'ओलेती फरसबंदी लकाकत होती' असं लिहिलंय, कसं वाटतंय?

ओल्या नारळाची करंजी
ओलेती म्हटलं की मला धबधब्याखालची हिरॉइन दिसते. रस्ता नको गं ओलेता.

खडूस मास्तर
करंजीशी सहमत. शिवाय लकाकणं कोरड्यालाही चालतं. 'पावसाने निथळलेल्या फरशांवर उजेड ओघळला होता' असं काहीतरी बघा, ओलेपण क्रियापदात जाऊ द्या.

निळी शाई
ओघळला जरा जास्त होतंय, मास्तर. कथा गुन्हेगारीची आहे, निवेदक पोलीस आहे. 'भिजक्या फरशा दिव्याखाली चकाकत होत्या' एवढ्यावर ठेवते. भिजक्या आहे, बास.

रंगारी बाबू
उशीरा आलो. मी पेंटच्या कंपनीत लॅबमध्ये होतो आणि आता डीलर आहे, तर आमच्याकडे हे सगळं मीटरवर येतं. ग्लॉसमीटर नावाचं खोकं असतं, ठरलेल्या कोनातून उजेड पाडायचा आणि त्याच कोनात परत किती आला ते मोजायचं. १.५६७ अपवर्तनांकाच्या पॉलिश केलेल्या काळ्या काचेला १०० धरतात. साधारण ६० अंशांत मोजतात, ७० च्या वर आकडा गेला तर २० अंशांत आणि १० च्या खाली आला तर ८५ अंशांत. तो ८५ वाला, म्हणजे भिंतीला जवळजवळ चिकटून बघितल्यासारखा, त्याला आम्ही ग्लॉस न म्हणता शीन म्हणतो. म्हणून समोरून पूर्ण मॅट दिसणारी भिंत पॅसेजमधून तिरकी बघितली की हलकी तकाकी मारते. गिऱ्हाईक म्हणतं मॅट सांगितलेला, हे काय. ते शीन.

आणि उन्हाळींनी तिरकं ऊन म्हटलं तेच. पाण्यावर सरळ वरून बघितलं तर २ टक्केच उजेड परत येतो, म्हणून विहिरीचा तळ दिसतो. तिरकं बघाल तसं वाढत जातं, क्षितिजाजवळ तर जवळपास सगळा.

चिंचपोकळीकर
बाबू, देवासारखे आलात. हॉलला रंग द्यायचाय, बायको सॅटिन म्हणतेय, पेंटर मॅट म्हणतोय. भिंत जुनी आहे, खिडकीच्या बाजूची.

रंगारी बाबू
पेंटरचं ऐका. खिडकीतून तिरका उजेड येणार, शीन जेवढी जास्त तेवढे लांबीचे (पुट्टीचे) पट्टे, उंचवटे आणि जुने खिळे बुजवलेले सगळे उठून दिसणार. सॅटिन हवंच असेल तर आधी लांबी भरून, नीट घासून घ्यावी लागेल आणि त्याची मजुरी रंगापेक्षा जास्त होईल. वहिनींना सांगा दार-खिडक्या ग्लॉस एनॅमलमध्ये करू, पुसायला बरं पडतं.

चिंचपोकळीकर
पेंटरने आधी २ हात मारले आहेत मॅटचे, सांगतो तिला ठरलं म्हणून. लांबीचा भाव व्यनि (खासगी निरोप) करा.